मंगळवारचं वजन

"डायलिसिसच्या मशीनवर माणूस किती वर्षं काढतंय?" माझ्या नवऱ्यानं डॉक्टरांना हे विचारलं तेव्हा मी पडद्यापलीकडच्या कॉटवर होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. जानेवारी २०१७. किडन्या बंद पडत आलेल्या, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायची रक्तातली घाण, अकराच्या वर, हिमोग्लोबिन सहा, तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखी चव. डॉक्टर म्हणाले, "काहीजण वर्षसुद्धा काढत नाहीत, काहीजण पंधरा-वीस काढतात. वय, साखर, हृदयाचं दुखणं हे घेऊन पेशंट येतो, त्याला इलाज नाही. बाकी बरंच तुमच्या हातात आहे, ते शिकून घ्या." नवऱ्याला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "एक आकडा सांगायला काय जातंय ह्यांचं?"

त्या "बाकी बरंच" मध्ये काय काय येतं, ते मला एकेक करून कळत गेलं. काही विचारून, काही चुकून, आणि एक गोष्ट शेजारचा बेड रिकामा झाल्यावर.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत राहते, पुलाच्या शिरोलीत. एमआयडीसीतल्या कामगारांना डबे करून देते. तेव्हा रोज पस्तीस-चाळीस डबे जायचे. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायला बसायचं, कंबर धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि परत कामाला लागायचं. अशी पाच-सहा वर्षं गोळी खाल्ली. तेवढ्या वर्षांत एकदाही कुणी बीपी मोजलं नाही. मोजलं तेव्हा १९० निघालं. साखर नव्हती मला. डायलिसिसवर येणाऱ्यांत साखरेचे पेशंट सगळ्यात जास्त असतात, आणि त्यांची वाट आमच्यापेक्षा खडतर असते, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या आणि हृदय आधीच झिजलेलं असतं. तेवढं माझं नशीब.

एकदम आलेल्या पेशंटचं होतं तेच माझं झालं. हाताची शीर तयार नव्हती म्हणून मानेत नळी घातली. त्या नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं आणि परत यायचं. तिसऱ्या आठवड्यात मशीनवर बसून तासभर झाला असेल, मला अशी थंडी वाजायला लागली की कॉटचे पाय फरशीवर खडखडत होते. सिस्टरनं तीन ब्लँकेटं घातली तरी दात वाजायचे थांबेनात. नळीतून जंतू रक्तात गेले होते. अँटिबायोटिकवर आठ दिवस काढले. डॉक्टर नंतर म्हणाले की पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे असतात आणि त्यात ही नळी मोठी गुन्हेगार असते. ज्यांची किडनी हळूहळू जातेय हे आधी कळलेलं असतं, त्यांनी डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच हातावर फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला तयार केलेली शीर, करून घेतला तर ह्या थंडीतून जावंच लागत नाही. मला कुणी सांगणारं नव्हतं. म्हणून आता मी ज्याला त्याला सांगते: क्रिएटिनिन चढायला लागलं की डाव्या हाताच्या शिरा सांभाळा, त्यातनं रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात. जोराचं रक्त नीलेत शिरलं की ती फुगते, जाड होते, मग तिच्यात सुया टोचता येतात. ऑपरेशन तासाभराचं, जागेवर भूल देऊन. पण शीर पिकायला सहा-आठ आठवडे जातात. तोपर्यंत रबरी चेंडू दाबत राहा म्हणाले. चेंडू आणायला कोण जातंय! मी कणकेचा गोळा घेऊन बसायचे. घट्ट मळलेली कणीक, दाबायची आणि सोडायची, डबे भरता भरता. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, "शाब्बास."

त्या जागी बोट ठेवलं की आत घरघर लागते, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी. ती घरघर चालू म्हणजे फिस्टुला चालू. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा उजवा हात तिथं जातो. फिस्टुलाच्या हाताला मी बांगडी घालत नाही, त्या हातानं कळशी उचलत नाही, त्यावर डोकं ठेवून झोपत नाही. एकदा एका दवाखान्यात नवीन आलेल्या मुलीनं बीपीचा पट्टा त्याच हाताला गुंडाळायला घेतला. मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची माणसं आत आली. वाईट वाटलं तिला, पण तो हात गेला तर परत मानेतली नळी.

पैशाचं आधी सांगायला पाहिजे होतं. सुरुवातीला आठवड्याला दोनदाच जायचे, कारण तेवढंच झेपायचं. गळ्यातलं गहाण पडलं. दोनदावर भागत होतं असं वाटायचं, कारण तेव्हा मला लघवी बऱ्यापैकी होत होती. ती उरलेली लघवी म्हणजे मोठं भांडवल असतं. किडनीचा जो चतकोर तुकडा जिवंत असतो तो आठवड्याचे १६८ तास काम करत राहतो, मशीन तीनदा बसलं तरी बाराच तास चालतं. म्हणून दुखण्याच्या गोळ्या आता तरी बंद, हे मला बजावून सांगितलं होतं. पण वर्षभरात लघवी कमी झाली, पाय सुजायला लागले, रात्री आडवं पडलं की दम लागायचा आणि उशीला टेकून बसून राहायचं. मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आमच्या केशरी रेशन कार्डावर बसलं आणि आठवड्यातली डायलिसिसची तिसरी पाळी सुरू झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पंधरा दिवसांत मी आडवी होऊन झोपले.

चार तास म्हणजे चार तास, हेही शिकावं लागलं. आमच्यातले कितीतरी पेशंट साडेतीन तास झाले की "दादा, सोडा आता, बस जाईल" म्हणतात. मीही म्हणायचे. एका जागी तर कुणी न सांगताच वीस मिनिटं आधी मशीन बंद व्हायचं, पुढचा पेशंट दारात उभा असायचा. दिवसाला वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला तास. मी जागा बदलली. आता महिन्यातनं एकदा डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया मी स्वतः वहीत लिहिते. १४० वरून ४२ वर आला तर सत्तर टक्के धुतलं गेलं. पासष्टच्या खाली आलं तर मी टेक्निशियनला विचारते की सुई नीट बसली होती का, पंप कितीवर होता. आधी त्यांना राग यायचा. आता तेच मला आकडा आणून देतात.

खाण्याची चूक मात्र मी स्वतः केली, आणि तीही माहीतगार बाई असून. डायलिसिस लागायच्या आधी कुणीतरी सांगितलं होतं, डाळ बंद, अंडी बंद, मटण बंद, किडनीवर ताण येतो. ते तेव्हा बरोबर होतं. मशीन सुरू झाल्यावर उलटं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मशीनमधून प्रत्येक वेळी थोडं प्रोटीन वाहून जातं. मी भात आणि दुधी भोपळ्यावर राहिले. दंडाचं मांस गेलं, ब्लाउज ढिले झाले. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, ३.१ वर आलं. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी बाकीचे सगळे रिपोर्ट बाजूला सारून त्या एका आकड्यावर पेन ठेवलं. म्हणाले, "पोटॅशियम बिघडलं तर मी मशीनवर काढीन. हे मला मशीनवर घालता येत नाही." डायलिसिसच्या पेशंटमध्ये अल्ब्युमिन खाली गेलेली माणसं लवकर जातात, हे जगभर दिसलंय. किलोमागे रोज एक ग्रॅम, जमलं तर थोडं वरच, म्हणजे माझ्या ५२ किलोला पन्नास-साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं.

मग दिवसाला तीन अंड्यांचा पांढरा भाग सुरू झाला. पिवळा नाही, त्यात फॉस्फरस, तो आम्हाला चालत नाही. आणि मटण. कोल्हापुरात मटण खायचं आणि रस्सा प्यायचा नाही, हे सांगितलं तर लोक माझ्याकडे दयेनं बघतात. तांबडा नाही, पांढरा नाही, साधं अळणीसुद्धा नाही. मटण मी एकदा उकळते, ते पाणी पोरांच्या ताटात जातं, आणि फोडी कांदा-आल्यावर परतून मी खाते. भाज्या बारीक चिरून दोन तास पाण्यात, मग मोठ्या पातेल्यात उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. चव निम्मी जाते. पोटॅशियमही बऱ्यापैकी जातं. गंगावेशीतलं ताजं दूध लहानपणापासून प्यायलेली मी, आता अर्धी वाटी दही. चार महिन्यांनी अल्ब्युमिन ३.८ झालं. त्याच वेळी ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, परत ठरवलं, कारण आधीचं वजन मांस घटून पाणी वाढल्यामुळं खोटं सांगत होतं.

बहीण एकदा बंगळूरहून आली आणि माझ्यासाठी मुद्दाम "कमी सोडियमचं" मीठ घेऊन आली. मी ते आमटीत घालणार एवढ्यात पाकिटाच्या मागचं वाचलं: पोटॅशियम क्लोराईड. साध्या मिठानं तहान लागते, ह्या पोटॅशियमनं आमच्यासारख्यांचं हृदय थांबू शकतं. पाकीट तिला परत दिलं. तिला ते मनाला लागलं, पण तिला कसं माहीत असणार.

पाण्याचं गणित सगळ्यात अवघड. दिवसभरात लघवी जेवढी होईल तेवढं अधिक अर्धा लिटर, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन ड्राय वेटच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. माझं ५२, म्हणजे दोन किलो. एका लग्नाच्या आठवड्यात मी ५६ घेऊन गेले. काट्यावरचा आकडा बघून टेक्निशियन म्हणाला, "काय खाल्लासा वैनी रविवारी? चार किलो काढायचं म्हटलं तर गोळं येतील, बीपी बसंल." मी म्हटलं काढा सगळं. तिसऱ्या तासाला पोटरीत असा गोळा आला की मी कॉटचा दांडा वाकवायला निघाले, मग डोळ्यांपुढं अंधार, पाय वर, सलाईन. त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं: तासाला किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढलं तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की तो स्नायू कायमचा मंदावतो. ५२ गुणिले १३ गुणिले चार तास, दोन लिटर सातशे. तो कागद माझ्या फ्रीजवर आहे. डायलिसिसच्या पेशंटपैकी फार मोठा वाटा किडनीनं मरत नाही, हृदयानं मरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तहान पाण्याची नसते, मिठाची असते. खर्डा, लोणचं, पापड घरातनं हलवला आणि तहान निम्मी झाली. उरलेल्या निम्मीला लिंबाची फोड चोखते.

आता शेजारच्या बेडचं. कागलकडचा एक रिक्षावाला भाऊ होता, पस्तिशीतला, साखर नाही, काही नाही. माझ्यापेक्षा धट्टाकट्टा. शनिवारी कधीतरी दांडी मारायचा, भाडं मिळतंय म्हणून. एका शनिवारी आला नाही. मंगळवारी मी गेले तर त्याची चादर बदललेली होती. रविवारी गावात जत्रा होती, सोमवारी रात्री छातीत धडधडायला लागलं, दवाखान्यापर्यंत पोचला नाही. त्याची बायको नंतर कागदपत्रांसाठी आली तेव्हा तिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं. मी डॉक्टरांना विचारलं, एक पाळी चुकली तर एवढं? ते म्हणाले की न चुकता येणाऱ्यांनासुद्धा शनिवार ते मंगळवार हीच खिंड असते. २०११ साली अमेरिकेत सुमारे ३२ हजार पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे झटके बाकीच्या दिवसांपेक्षा स्पष्ट जास्त निघाले. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही तेव्हा टिपेला असतात. आणि ह्या रिक्षावाल्यानं तर गुरुवार ते मंगळवार अशी खिंड धरली होती. तेव्हापासून माझा रविवार हा सगळ्यात कडक दिवस. घरी पाहुणे रविवारीच येतात, जेवणं रविवारीच होतात, पण मी त्या दिवशी भाकरी आणि अंडं खाते.

ऑगस्ट २०१९ ला ते कामी आलं. तीन तारखेला शनिवारी मी डायलिसिस करून आले. सोमवारी पंचगंगा पसरली आणि मंगळवारी हायवेवर पाणी. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोली आणि कोल्हापूरच्या मध्ये नुसता समुद्र. ज्या पुलावरनं मी वीस मिनिटांत पोचायचे, तो आता पाण्यापलीकडं होता. मंगळवार गेला, गुरुवार गेला.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दिवसाला चारशे मिलिलिटर पाणी, फळ एकही नाही, डाळ नाही, भात उकळून पाणी काढून. घरी पोटॅशियम उतरवायची पावडर होती ती सुरू केली. रोज सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभी राहायचे. मदतीच्या पाकिटांत केळी, चिवडा, बिस्किटं यायची. माणसं किती लांबून घेऊन आली होती, आणि मी केळ्याला हात लावत नव्हते. नवरा रात्री उठून माझ्या हातावरची घरघर बघायचा. त्याला वाटायचं मी झोपलेय. शुक्रवारी पाय जड झाले, जिना चढताना मांड्या उचलेनात. बचाव पथकाच्या बोटीनं मला पलीकडं नेलं. पोटॅशियम ६.८. ईसीजी बघून आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं.

आणि डायलिसिस सेंटरमध्ये पाणी नव्हतं. शहराची पंपिंग स्टेशनं बुडाली होती, नळ कोरडे. बाहेर पूर आणि आत पाणी नाही. एका पेशंटला चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं, ते तयार करायला आरओला त्याहून बरंच जास्त लागतं. टँकर आला तेव्हा बेडवरच्या पेशंटचे नातेवाईक बादल्या घेऊन धावले. सगळ्यांना मिळावं म्हणून प्रत्येकाला तीन-तीन तास लावले. सहा दिवसांत माझं वजन २.९ किलोच वाढलं होतं. टेक्निशियननं काटा दोनदा तपासला.

त्यानंतर मी पावसाळ्यात मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी रोज बघते. ३९ फूट ही इशारा पातळी. जुलै २०२१ मध्ये पाणी तिकडं निघालंय म्हटल्यावर बॅग भरून नणंदेकडं राजारामपुरीत जाऊन राहिले. परत हायवे बंद झाला, पण माझी एकही पाळी चुकली नाही. मधे कोरोनाची साथ आली. सगळे घरात बसले तेव्हा आम्हाला आठवड्यातनं तीनदा बाहेर पडावंच लागलं. आमच्या पाळीतले काहीजण त्यात गेले.

प्रत्यारोपणाचं विचारतात लोक. ज्याला झेपतं त्याला मशीनपेक्षा ते नक्की जास्त आयुष्य देतं. आई म्हातारी, नवऱ्याला साखर निघाली, मुलगा द्यायला तयार आहे आणि मी घ्यायला नाही. डॉक्टरांना हे पटत नाही. मरणोत्तर दान केलेली किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या यादीत नाव आहे.

गेल्या मंगळवारी माझं वजन ५३.६ भरलं. मी बेडवर जाऊन बसले, तर समोर एक नवीन मुलगी, विशी-बाविशीची, मानेत नळी, डोळे मिटून पडलेली. तिची आई पायाशी स्टुलावर. हातातल्या पिशवीत सोललेलं शहाळं, वर स्ट्रॉसुद्धा खोचलेला. सुया लागायला अजून अवकाश होता, मी उठून तिच्याजवळ गेले. म्हटलं, "मावशी, हे तिला देऊ नका, ह्यात लई पोटॅशियम असतंय. तुम्ही प्या." ती एकदम घाबरली, म्हणाली, डॉक्टरच्या दारातच विकायला बसलाय की हो, आजाऱ्याला चांगलं म्हणून घेतलं. मग पदरानं तोंड पुसत विचारलं, "मग काय देऊ तिला? काहीच खाईना झालीय पोरगी."

मी स्टूल ओढून घेतलं.

"अंडं खातेय काय ती?"